शहागंजची चोपडी आणि संगणकावरील कोष्टक

छत्रपति संभाजीनगर शहरांत, म्हणजे २०२३ पूर्वींच्या औरंगाबादेंत, ज्यांनीं कधीं पाऊल टाकलें असेल त्यांना शहागंजचा चौक सांगावयास नकोच. निजामी अमदानींतील घड्याळाचा मनोरा, त्याच्या भोंवतीं माणसांची व वाहनांची अखंड दाटी, आणि हातगाडीपासून पेढीपर्यंत सर्व दर्जाचा व्यापार. 'गंज' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ खजिना किंवा सांठा. हिंदुस्थानांत त्याला बाजारपेठ असा अर्थ चिकटला. येथील मोठी मशीद १७२० च्या सुमारास उभी राहिली असें मानतात. उंच चौथऱ्यावर मशीद आणि चौथऱ्याच्या तीन अंगांना बाहेरून दुकानांच्या रांगा, अशी तिची रचना जुन्या वर्णनांत आढळते. जेथें माल तेथें माप, आणि जेथें माप तेथें हिशेब. तेव्हां हिशेबाविषयीं कांहीं बोलावयाचें तर या चौकाहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या आधल्या आठवड्यांत मी या चौकाजवळच्या एका कापडाच्या पेढीवर बसलों होतों. मालकांच्या चिरंजीवांनीं उधारीची सारी यादी संगणकावर घेतली होती. वृद्ध मुनीम मात्र आपली तांबड्या कापडाच्या बांधणीची चोपडी सोडावयास तयार नव्हते. दोघांच्या बेरजांत ४,३५० रुपयांचा फरक येत होता. चिरंजीव म्हणाले, "काका, यंत्र बेरजेंत चुकत नाहीं. चोपडींतच तुमचें कांहीं जास्त पडलें असेल." मुनीम यावर कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं कागदाच्या कोपऱ्यावर ४,३५० ला नवांनीं भागून पाहिलें. भाग पुरा जाईना. मग ते म्हणाले, "अंक उलटापालटा झालेला नाहीं बाबा. अख्खी रक्कमच गळाली आहे. ४,३५० चें खातें कोणाचें तें पाहा."

खातें सांपडलें. तें यादीच्या अगदीं तळाशीं होतें. आदल्या दिवशीं ती ओळ नव्यानें लिहिली गेली होती, परंतु बेरजेचें सूत्र तिच्या वरच्या ओळीपाशींच थांबलें होतें. यंत्राची बेरीज बिनचूक होती. फक्त ती अपुऱ्या यादीची बेरीज होती.

नवाच्या भागाकाराचें रहस्य सोपें आहे. ५४ च्या जागीं चुकून ४५ लिहिले तर फरक ९ चा पडतो. ७२० च्या जागीं २७० लिहिले तर ४५० चा, म्हणजे नऊ पन्नाशांचा. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली कीं फरकाला नवाचा भाग नेहमींच पुरा जातो. तो न गेला तर चूक निराळ्या जातीची आहे एवढें क्षणांत कळतें. मुनिमांना हें कोणत्याहि पाठशाळेंत शिकविलेलें नव्हतें.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. संगणकावरील कोष्टकाला आज सर्वत्र स्प्रेडशीट म्हणतात. त्याच्या कोणत्या सोयी तुम्हांस अधिक प्रिय, असें विचारलें तर कोणी बेरीज सांगतो, कोणी वर्गवारी, कोणी शोध. परंतु या सोयी कशासाठीं निर्माण झाल्या हें समजावयाचें असेल तर, माझ्या मतें, याच शहराच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे. कारण ज्या गरजा या यंत्रानें भागविल्या, त्या सर्व येथें तीनचारशें वर्षें कागदावर भोगल्या गेल्या आहेत.

मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली, तीच पुढें औरंगाबाद झाली. या हबशी मुत्सद्द्याचें नांव येथील नहरीमुळें लोकांच्या तोंडीं आहे. परंतु त्याच्या जमाबंदीची कीर्ति त्याहून दूरवर पसरली होती. १६२६ मध्यें तो वारला. पुढें १६५२ मध्यें औरंगजेबाची दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा नेमणूक झाली, तेव्हां मुलूख दुष्काळानें आणि लढायांनीं ओस पडला होता. बालाघाटाचा आणि नंतर सबंध मोंगली दक्षिणेचा दिवाण म्हणून खुरासानचा मुर्शिद कुली खान काम पाहूं लागला. बंगालच्या नवाबाचें नांव हेंच असलें तरी तो पुरुष वेगळा व नंतरचा. या दिवाणानें तोडरमलाची पद्धति दक्षिणेंत आणली, पण ती जशीच्या तशी लादली नाहीं. जेथें नांगरामागें ठरीव रक्कम घेण्याची वहिवाट होती तेथें ती राहूं दिली. जेथें बटाई लावली तेथें जमिनीचा प्रकार पाहून वांटा ठरविला: पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा एकतृतीयांश, आणि ऊस, द्राक्षें यांसारख्या खर्चिक पिकांचा एकनवमांशापासून एकचतुर्थांशापर्यंत. मोजणी बरोबर व्हावी म्हणून दोरीचें टोंक तो पुष्कळदां स्वतःच्या हातांत धरीत असे, असें इतिहासकार लिहितात.

आतां या व्यवस्थेमागचें कोष्टक डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक ओळींत एक शेत. रकान्यांत क्षेत्र, पाण्याची सोय, पीक, उत्पन्न. आणि शेवटच्या रकान्यांत सरकारचा वांटा. हा शेवटचा आंकडा कोणी मोजून आणलेला नसतो. तो आधींच्या आंकड्यांतून निघालेला असतो. पावसावरचें शेत विहिरीखालीं आलें कीं वांटा निम्म्याचा तिसरा होतो, गांवाची बेरीज बदलते, परगण्याची बदलते, सुभ्याची बदलते. कारकुनाला तितक्या ठिकाणीं खोडून पुन्हां लिहावें लागे. एका ठिकाणीं तो विसरला तर वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांशीं भांडूं लागत, आणि त्या भांडणाचा भुर्दंड बहुधा शेतकऱ्यावरच बसे.

नेमका हाच त्रास १९७८ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्डच्या व्यापारशाळेंत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या तरुणाला जाणवला. वर्गांत शिक्षकांनीं फळ्यावर आंकड्यांचें मोठें कोष्टक मांडलें होतें. एक आकडा बदलला कीं पुढचे कित्येक पुसून नव्यानें लिहावे लागत. हें काम यंत्रानें आपोआप कां करूं नये, असें त्याच्या मनांत आलें. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साह्यानें त्यानें 'व्हिजिकॅल्क' तयार केलें, आणि १९७९ मध्यें तें अ‍ॅपल-टू या संगणकासाठीं विक्रीस आलें. त्यांत ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. स्प्रेडशीट हें नांवहि जुनेंच. हिशेबनीस पूर्वीं जो दुहेरी रुंदीचा, रकाने आंखलेला कागद पसरून बसत, त्याला तें होतें. १९८३ मध्यें 'लोटस १-२-३' आलें, १९८५ मध्यें मॅकिंटॉश संगणकासाठीं 'एक्सेल', आणि १९८७ मध्यें विंडोजसाठीं. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात.

तेव्हां पहिली आणि माझ्या दृष्टीनें मूळ सोय ही: कोष्टकाच्या घरांत नुसता आकडा न लिहितां तो आकडा कसा निघाला याचें सूत्र लिहितां येतें. एक मूळ आकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेलें सर्व कांहीं आपोआप बदलतें. वेग हा या सोयीचा लहान गुण. मोठा गुण असा कीं, घरावर बोट ठेवलें तर आकडा आपली वंशावळ सांगतो.

दुसऱ्या सोयीसाठीं मराठ्यांच्या दफ्तराकडे जाऊं. औरंगाबादचा सुभा मोंगलांचा, मग निजामाचा. तरी १७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या ज्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांस मिळाली त्यांत हा सुभा होता. त्यामुळें येथल्या महसुलाचा एक हिस्सा कागदोपत्रीं साताऱ्या-पुण्याशीं बांधला गेला. सरदेशमुखी शेंकडा दहा. चौथाई शेंकडा पंचवीस. पण तिच्या पोटांत पुन्हां वांटण्या. चौथाईंतील शेंकडा पंचवीस राजाची बाबती, सहा पंतसचिवाची साहोत्रा, तीन राजाच्या मर्जीची नाडगौंडा, आणि उरलेले सहासष्ट सरदारांचा मोकासा. वसूल एक लाखाचा धरला तर चौथाई २५,०००. तींत बाबती ६,२५०, साहोत्रा १,५००, नाडगौंडा ७५० आणि मोकासा १६,५००. चारहि मिळवा, २५,००० भरतात.

हीच वांटणी शेंकडों महालांना लावावयाची झाल्यास काय करावें? संगणकावर चार दर वरच्या चार घरांत एकदांच लिहावे, आणि सूत्रांत त्या घरांच्या पत्त्यापुढें डॉलरचें चिन्ह घालून तो पत्ता पक्का करावा. मग सूत्र पहिल्या ओळींतून खालीं ओढलें कीं महालाचा वसूल ओळीगणिक बदलतो, पण दर आपल्या जागेवरून हलत नाहीं. नवशिके ज्या चिन्हाला कंटाळतात तें हें चिन्ह वस्तुतः सनदेचें काम करतें. दर एकाच ठिकाणीं, उघड्यावर. तो कोणा कारकुनाच्या मर्जीनें चौदाव्या ओळींत निराळा होऊं शकत नाहीं. कोणताहि दर सूत्राच्या पोटांत लपवूं नये, तो स्वतंत्र घरांत नांवानिशीं लिहावा, हा नियम ज्यानें पाळला त्याचें कोष्टक दुसऱ्या माणसाला वाचतां येतें.

पुण्याच्या हुजूर दफ्तरांत चालतें दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन मोठे विभाग होते. 'एकबेरीज' या नांवांतच सारें तत्त्व आलें. रोजच्या घडामोडी जशा घडतील तशा रोजकीर्दींत उतरत. तींतून खातेंवार निवड होऊन खतावणी होई. आणि सबंध राज्याच्या वर्षाच्या जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा म्हणजे तर्जुमा. आधीं काळाच्या क्रमानें लिहावयाचें, मग विषयाच्या क्रमानें लावावयाचें, मग थोडक्यांत पाहावयाचें, असा हा तिपेडी प्रवास आहे.

संगणकावरील सॉर्ट, फिल्टर आणि पिव्हट टेबल या तिन्हीं सोयी याच प्रवासाच्या पायऱ्या होत. सॉर्टनें ओळींचा क्रम लागतो. फिल्टरनें हव्या त्याच ओळी दिसतात. बाकीच्या नष्ट होत नाहींत, पडद्याआड जातात. आणि पिव्हट टेबलानें हजारों ओळींचा तर्जुमा पळभरांत तयार होतो: आतां महालवार, आतां महिनेवार, आतां दोन्हीं एकत्र. ही कल्पना पिटो सालास यांच्या कामांतून 'लोटस इम्प्रूव्ह' मध्यें आकाराला आली आणि एक्सेलमध्यें १९९३ च्या पांचव्या आवृत्तींत शिरली. मात्र जुन्या फडावरचा एक संकेत विसरूं नये. रोजकीर्द कोणी मोडीत नसे. खतावणी तिच्यावरून होई, तिच्या जागीं नव्हे. तसेंच मूळ यादी एका पानावर अबाधित ठेवावी, आणि गोषवारा नेहमीं दुसऱ्या पानावर करावा.

तिसरी सोय शोधाची. औरंगाबादेच्या किल्ले अर्कांत सांठलेले मोंगली अमलाचे कागद विसाव्या शतकांत हैदराबादेस नेण्यांत आले. ते दीड लाखांहून अधिक असून बहुतेक औरंगजेबाच्या कारकीर्दींतले आहेत. आज ते तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारांत आहेत. त्यांत 'अर्ज-ओ-चेहरा' नांवाचे हजेरीचे कागद आहेत. मनसबदाराच्या पदरच्या स्वाराचें नांव, बापाचें नांव, वर्ण, चेहऱ्यावरचे तीळ-व्रण, आणि त्याच्या घोड्याचा रंग व डाग यांचें वर्णन त्यांत असे. कारण उघड आहे. मनसबदार पगार शंभर स्वारांचा घेई आणि हजेरीच्या दिवशीं शेजाऱ्याचीं घोडीं उसनीं आणी. अकबराच्या काळीं पक्की झालेली डागाची पद्धति या लबाडीवरचा उतारा होता. समोरचें घोडें आणि कागदावरची ओळ यांचा मेळ बसला तरच पगार.

एका यादींतील खूण घेऊन दुसऱ्या यादींत तिची ओळ शोधणें आणि त्या ओळींतील माहिती परत आणणें, हेंच काम आज व्ही-लुकअप करतें. ग्राहकाचा क्रमांक द्या, त्याची उधारी आणून देतें. परंतु यांत एक खोंच आहे. अगदीं हुबेहूब जुळणीच पाहिजे असें शेवटीं स्पष्ट लिहिलें नाहीं, तर तें जवळपासची जुळणी चालवून घेतें आणि बेधडक चुकीच्या माणसाची रक्कम आणून ठेवतें. म्हणजे उसनें घोडें चौकींतून पास होतें. २०१९ मध्यें आलेल्या एक्स-लुकअपमध्यें हुबेहूब जुळणी हाच मूळ नियम केला आहे. तरी डागाचें महत्त्व उरतेंच. एकाच यादींत दोन 'शेख अहमद' किंवा तीन 'रामराव पाटील' असतील तर नांवावरून शोधणें फुकट. प्रत्येक ओळीला तिची एकटीची खूण हवी.

आतां तारखांविषयीं दोन शब्द. येथल्या जुन्या कागदांत हिजरी, फसली, शुहूर आणि शक अशा अनेक कालगणना एकत्र नांदतात. दक्षिणेंतील फसली सनांत साधारणपणें ५९० मिळविले कीं इसवी सन येतो; १३१७ फसली म्हणजे १९०७ च्या आसपासचें वर्ष. स्प्रेडशीटमध्यें तारीख हा वस्तुतः एक अनुक्रमांक असतो. १ जानेवारी १९०० हा एक्सेलचा पहिला दिवस. त्यामुळें दोन तारखांची वजाबाकी करून व्याजाचे दिवस काढतां येतात, ही सावकाराला आणि ऋणकोला सारखीच उपयुक्त सोय आहे. पण तिच्यांतहि वारसा शिरलेला आहे. १९०० हें लीप वर्ष नव्हतें, तरी लोटस १-२-३ नें तें तसें धरलें. आणि जुनीं कोष्टकें चालावीं म्हणून एक्सेलनेंहि कधींच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आजवर पाळला आहे. शिवाय १९०० च्या मागची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाहीं. औरंगजेबाच्या वेळची नोंद करणाऱ्या अभ्यासकानें वर्ष, महिना आणि दिवस तीन निराळ्या रकान्यांत लिहावे हें उत्तम.

यंत्राच्या अतिशहाणपणाचें एक उदाहरण तर प्रसिद्धच आहे. जीवशास्त्रांत जनुकांना छोटीं इंग्रजी नांवें असतात. 'सेप्ट-वन', 'मार्च-वन' अशीं नांवें यादींत लिहिलीं कीं स्प्रेडशीट त्यांना सप्टेंबर आणि मार्च महिन्यांच्या तारखा समजून बदलून टाकी. शेवटीं २०२० मध्यें जनुकांच्या नामकरणाचें काम पाहणाऱ्या समितीनें त्या जनुकांचींच नांवें बदललीं. यासाठीं रकाना भरण्यापूर्वींच तो मजकुराचा कीं तारखेचा हें ठरवून द्यावें. पुढें शून्य असलेले क्रमांक, खात्यांचे लांबलचक आंकडे, हे मजकूर म्हणूनच लिहावे. नाहींतर आरंभींचीं शून्यें गळतात.

एवढ्या सोयी सांगितल्यावर त्यांच्या सावलीकडेहि पाहिलें पाहिजे. २०१० मध्यें कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या देशांचें सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा नव्वदांवर जातें त्यांची वाढ सरासरीनें उणें ०.१ टक्का होते, असा त्यांतील एक आकडा होता. सरकारी खर्चांत काटछांट करावी असें म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनीं तो निबंध पुढें केला. २०१३ मध्यें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानें मूळ कोष्टक मागवून तपासलें. सरासरीचें सूत्र पांच ओळी आधींच थांबलें होतें. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश बाहेर राहिले होते. ही चूक सर्व फरकाचें कारण नव्हती. कांहीं वर्षें वगळण्याचा आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचा वांटा अधिक होता. सर्व दुरुस्त्या केल्यावर हर्न्डन व त्याच्या शिक्षकांच्या गणितानें तोच आकडा अधिक २.२ टक्के निघाला. श्रोतेहो, शहागंजच्या पेढीवर एक ओळ राहिली होती. तेथें पांच राहिल्या. जात एकच.

दुसरा प्रसंग २०२० सालचा, कोविडच्या सांथींतला. इंग्लंडमध्यें २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यांतील १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आंकड्यांतून गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलींत भरली जात होती. तिच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावत, आणि पान भरल्यावर पुढच्या ओळी मुकाट्यानें बाहेर राहिल्या. त्या माणसांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध त्यामुळें दिवसेंदिवस लांबला. ओळ गळणें म्हणजे येथें माणूस गळणें होतें.

यावर उपाय काय? तोहि आपल्या जुन्या वहिवाटींतच आहे. हुंडीवर आणि कर्जरोख्यावर रक्कम अंकांत लिहून पुन्हां अक्षरीं लिहीत, म्हणजे एकाच सत्याचे दोन साक्षीदार. गांवचा कागद कुळकर्णी लिही आणि पाटील त्याखालीं नांगराची निशाणी करी. लिहिणारा एक, पाहणारा दुसरा. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एक आली पाहिजे, हा हिशेबनिसांचा मेळ तर सर्वश्रुत आहे. संगणकावर हें सारें करतां येतें. कोपऱ्यांत एक घर असें ठेवावें कीं ज्यांत दोन वाटांनीं काढलेल्या बेरजांची वजाबाकी असेल. तेथें शून्याखेरीज कांहींहि दिसलें कीं थांबावें. ओळी मोजण्याचें सूत्र बेरजेशेजारीं लिहावें, म्हणजे किती जणांची ही बेरीज आहे हेंहि डोळ्यांसमोर राहतें. यादीला नुसत्या ओळी न ठेवतां तिचें 'टेबल' करावें. मग तळाला नवी ओळ जोडली कीं सूत्र आपली हद्द स्वतः वाढवितें. कोणत्या घरांतून कोणता आकडा आला हें बाण काढून दाखविण्याची सोय आहे. महिन्यांतून एकदां तरी ती वापरावी. शीर्षकाची ओळ गोठवून ठेवावी, म्हणजे हजाराव्या ओळींत आपण कोणत्या रकान्यांत लिहीत आहोंत याचा विसर पडत नाहीं. आणि ज्या घरांत ठराविक उत्तरेंच यावयाचीं, तेथें तीं उत्तरें नेमून द्यावीं. 'विहीर', 'विहिर' आणि 'वीहीर' अशा तीन जमिनी मग निर्माण होणार नाहींत.

हें सर्व केवळ व्यापाऱ्यांपुरतें आहे असें कोणी समजूं नये. महाराष्ट्राचा सातबारा आज संगणकावर मिळतो. तोहि कोष्टकच आहे: गांव नमुना सात हा हक्कांचा, आणि गांव नमुना बारा हा पिकांचा. मुर्शिद कुली खानाच्या दोरीपासून या उताऱ्यापर्यंत राज्यें पालटलीं, फारसी जाऊन उर्दू आली, उर्दू जाऊन मराठी आली. पण शेतकऱ्याचें नशीब रकान्यांतील एका ओळीशीं बांधलेलें आहे तें आहेच. ती ओळ चुकली तर पीककर्ज अडतें, भावाभावांत दावा उभा राहतो, आणि एका पिढीची चूक दुसरी पिढी कचेरीच्या पायऱ्यांवर फेडते. म्हणूनच आकडा कोठून आला हें विचारण्याचा हक्क ज्या कोष्टकांत शाबूत आहे तें कोष्टक चांगलें, मग तें कागदावर असो कीं पडद्यावर.

त्या पेढीवर पुढें काय झालें तें सांगून माझें भाषण संपवितों. चिरंजीवांनीं सूत्र दुरुस्त केलें, यादीचें टेबल केलें, आणि बेरजेशेजारीं ओळींची संख्या मांडली. मग ते मुनिमांजवळ जाऊन म्हणाले, "काका, तुमच्या चोपडींत किती खातीं आहेत तीं मोजून सांगा." मुनिमांनीं चष्मा पुसला आणि बोटानें मोजावयास प्रारंभ केला. दोन्हींकडची संख्या एक आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं मी पुन्हां तिकडे गेलों, तेव्हां पाटावर चोपडी होती, आणि तिच्या शेजारीं संगणकावरही कोणीतरी हळदकुंकू वाहिलें होतें.